गव्हाच्या पिशवीवरचे ‘उष्णता सहन करणारे जनुक’ म्हणजे नेमके काय?

काळवट_रान (अथणी तालुका)

नमस्कार मंडळी. अथणीच्या पूर्वेला, कालव्याचे पाणी पोहोचत नाही त्या बाजूला, आमचे सात एकर काळे रान आहे. शाळू, हरभरा आणि दोन एकर गहू अशी आमची रब्बी असते. गहू जिरायत, परतीच्या पावसाची जी ओल जमिनीत मुरते, तिच्यावरच पीक काढायचे. वडिलांच्या वेळी बिजगा यलो हा उंच बन्सी (कठीण दाण्याचा, रव्याचा गहू) असायचा. आता आम्ही बाजारात मिळेल ते बियाणे आणतो.

मागच्या हंगामात पाऊस लांबला आणि पेरणी नोव्हेंबरच्या मध्यावर गेली. तरीही फेब्रुवारी उजाडेपर्यंत पीक दृष्ट लागावी असे उभे होते. मग सलग आठ-दहा दिवस दुपारचा वारा तापला आणि पाने टोकाकडून पांढरी पडत गेली. एक ओंबी तळहातावर चोळून फुंकर मारली, तर भूस उडून मागे राहिलेले दाणे जिऱ्यासारखे दिसत होते: लांबट, सुरकुतलेले, मधली चीर खोल गेलेले. दरवर्षीच्या निम्माच गहू घरी आला.

गेल्या आठवड्यात एका दुकानदाराने मला एक पिशवी दाखवली. ‘यात उष्णता सहन करणारे जनुक आहे, मार्चच्या उन्हातसुद्धा दाणा भरतो,’ असे तो म्हणाला. भाव नेहमीच्या दुप्पट होता. कोणते जनुक, ते कोठून आले, असे विचारले तर त्याला सांगता आले नाही. माझा प्रश्न असा आहे की, असे एखादे जनुक खरोखर असते का? असले तर ते पिकात काय काम करते, आणि माझ्यासारख्या जिरायत शेतकऱ्याने बियाणे घेताना काय विचारावे?

शाळू_शिवार (गोकाक)

पिशवीवर वाणाचे नाव आणि क्रमांक काय होता?

काळवट_रान

‘संशोधित गहू’ एवढेच मोठ्या अक्षरांत होते. वाणाचा क्रमांक मला कोठेही दिसला नाही.

प्रयोगवही (बेळगाव)

काळवट_रान दादा, प्रश्न अगदी योग्य जागी विचारलात. वनस्पतींचे आनुवंशशास्त्र हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे आणि आमचे मूळ गाव हुक्केरी तालुक्यात असल्यामुळे तुमचे रान कसे असेल हेही डोळ्यांसमोर येते. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

उष्णता सहन करण्याचे एकच जनुक गव्हात नाही. सरबती, म्हणजे चपातीच्या गव्हाचा जवळजवळ संपूर्ण जनुकीय आराखडा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात १,०७,८९१ जनुके मोजली गेली. उष्णतेशी ज्यांचा संबंध आहे अशी जनुके त्यात पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचा वाटा लहान आहे. तुमच्या तळहातावरच्या दाण्यात काय घडले ते आधी पाहू. गव्हाच्या दाण्याचा मोठा भाग पिठूळ, म्हणजे स्टार्चचा असतो. पानांतून आणि खोडातून आलेल्या साखरेचे स्टार्च करणारी जी विकरे (एन्झाइम) दाण्यात असतात, त्यांतले स्टार्च सिंथेज हे उष्णतेला फार नाजूक आहे. दाणा भरत असताना तापमान पंचवीस अंशांच्या बरेच वर राहिले की त्याचे काम मंदावते. म्हणजे साखर दाण्यापर्यंत पोहोचली तरी तिचे पीठ होत नाही. त्यातच पाने लवकर पिवळी पडून साखरेचा पुरवठाही आटतो. दाणा जिऱ्यासारखा होतो तो या दोन्ही कारणांनी.

वनस्पतीकडे यावर काही उपाय असतात. ऊन वाढले की पेशींत उष्णताघात प्रथिने तयार होतात. इतर प्रथिने उन्हाने विस्कटू नयेत म्हणून ती त्यांना धरून ठेवतात. ही प्रथिने केव्हा आणि किती तयार करायची, याचा हुकूम देणारी नियंत्रक जनुकेच गव्हात पन्नासहून अधिक आहेत. त्यांतले एखादे वाढवून प्रयोगशाळेतली रोपे अधिक ऊन सोसतात, हे अनेकदा दाखवले गेले आहे. पण कुंडीतले रोप चार तास ऊन सोसून जिवंत राहणे आणि रानातल्या पिकाचा दाणा भरणे यांत बरेच अंतर आहे. त्यामुळे जनुकाचे नावही न सांगता ‘उष्णतेचे जनुक’ म्हणून बियाणे कोणी दुप्पट भावाने देत असेल, तर त्याच्या बोलण्याला आधार मागावा.

शाळू_शिवार (गोकाक)

ताईंचे म्हणणे पटते, परंतु माझा अनुभव आणखी साधा आहे. जनुकापेक्षा पेरणीची तारीख महत्त्वाची असते. २०२२ चा मार्च सगळ्यांना आठवत असेल. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशातला तो सर्वांत उष्ण मार्च ठरला, उत्तरेतल्या गव्हाला फटका बसला आणि १३ मे रोजी केंद्र सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. त्या वर्षी घटप्रभेच्या कालव्यावरचा आमचा गहू नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलेला होता. मार्चचे ऊन तापले तेव्हा तो काढून पोत्यांत भरलेला होता. आमच्या बांधाला लागून असलेल्या रानात उसाचा खोडवा काढून डिसेंबरात तोच वाण पेरला होता. त्यांचा दाणा बारीक राहिला. वाण एक, जमीन एक, पाणीही एकच. तेव्हा दादांनी बियाण्यावर दुप्पट खर्च करण्याऐवजी तारीख सांभाळावी.

प्रयोगवही

अनुभव मोलाचा आहे. पण तारीख आणि जनुक यांना वेगळे काढता येणार नाही. आपल्याकडे गहू नोव्हेंबरात पेरून फेब्रुवारीत काढता येतो, याचेच कारण जनुके आहेत. थंड देशांतला हिवाळी गहू कित्येक आठवडे कडाक्याची थंडी मिळाल्याशिवाय ओंबीवर येत नाही. तो आपल्याकडे पेरला तर गवतासारखा नुसता वाढत राहील. आपल्या वाणांत थंडीची ही अट ‘व्हीआरएन’ गटातील जनुकांमुळे सुटलेली आहे. दिवस मोठा होण्याची अट सोडवणारे दुसरे जनुक ‘पीपीडी-डी१ए’ हे आहे. ते जपानमधल्या ‘आकाकोमुगी’ या जुन्या वाणातून जगभरच्या गव्हात गेले. बन्सी गव्हात हेच काम ‘ए’ नावाच्या जनुकसंचातले त्याचे भावंड करते. तुमचा गहू उन्हातून सुटला तो याच जनुकांच्या जोरावर.

आता मागच्या वर्षीचा दादांचा प्रश्न राहतो. पाऊसच लांबला तर तारीख हातात राहत नाही. तशा वेळी कमी दिवसांत निसवणारा, म्हणजे ओंबीवर येणारा वाण उपयोगी पडतो.

कृष्णाकाठ (रायबाग तालुका)

तुम्ही उन्हाविषयी बोलत आहात. आमचे दुखणे जमिनीत आहे आणि मला वाटते तेही याच विषयात बसते. कृष्णेच्या काठाला तीस-चाळीस वर्षे उसाला वारेमाप पाणी दिल्याचा परिणाम आज आम्ही भोगतो आहोत. आमच्या मळ्याच्या खालच्या अंगाला जवळपास दीड एकर तुकडा क्षारपड झाला आहे. आमच्याकडे त्याला सवळ रान म्हणतात. जानेवारीत सकाळी तिथे गेलात तर ढेकळांच्या माथ्यावर मीठ फुलल्यासारखा पांढरा थर दिसतो. बोटाने खरवडून जिभेला लावला तर खारट-कडू लागतो. ऊस तिथे ठिगळाठिगळांनी उगवतो. तिथे गहू घ्यावा असे मनात आहे. मीठ सोसणाऱ्या गव्हाविषयी कोणी सांगेल का?

प्रयोगवही

दादा, गव्हाच्या या संपूर्ण क्षेत्रात जनुकापासून थेट रानापर्यंतची वाट ज्यांनी स्वच्छ दाखवली अशा मोजक्या उदाहरणांपैकी एक तुमच्याच प्रश्नाचे आहे.

आधी गव्हाच्या घराण्याविषयी दोन शब्द सांगते, कारण पुढच्या सगळ्या चर्चेला ते लागतील. खपली आणि बन्सी या गव्हांत जनुकांचे दोन संच असतात, ए आणि बी. सरबतीत तिसरा, डी संच असतो. तो साधारण आठ-दहा हजार वर्षांपूर्वी एका रानगवताशी आपोआप झालेल्या संकरातून आला. त्या डी संचाच्या चौथ्या गुणसूत्रावर मिठाशी संबंधित एक महत्त्वाचे जनुक आहे. ते मुळांतून वर चढणाऱ्या पाण्यातले सोडियम बाजूला काढते आणि पानांपर्यंत पोहोचू देत नाही. बन्सी आणि खपलीत डी संचच नसल्यामुळे त्यांना ही सोय नाही. म्हणून खाऱ्या जमिनीत बन्सी सरबतीपेक्षा लवकर हार मानतो.

ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी यावर जुन्या काळच्या गव्हात उत्तर शोधले. आइनकॉर्न नावाच्या अतिप्राचीन, एकाच संचाच्या गव्हात सोडियम रोखणारे तसेच जनुक आहे. साध्या संकराने ते बन्सीत आणले गेले. या जनुकस्थानाला ‘नॅक्स२’ म्हणतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रत्यक्ष रानातल्या चाचण्यांत खाऱ्या जमिनीवर हे जनुक असलेल्या बन्सीने ते नसलेल्या त्याच वाणापेक्षा सुमारे २५ टक्के अधिक उत्पन्न दिले, आणि चांगल्या जमिनीत त्याचे काही नुकसानही झाले नाही. यात बाहेरच्या सजीवाचे जनुक घातलेले नव्हते.

आपल्या देशात खारेपणासाठी कर्नालच्या केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्थेचे ‘केआरएल’ मालिकेतले सरबती वाण आहेत. त्या कामाच्या मुळाशी राजस्थानच्या पाली भागातला ‘खारचिया’ हा स्थानिक गहू आहे. पिढ्यान्पिढ्या खाऱ्या पाण्यावर तो तिथल्या शेतकऱ्यांनी टिकवला. पण हे वाण मुख्यतः उत्तरेसाठी शिफारस केलेले आहेत, त्यामुळे आपल्याकडे ते आधी चार ओळींत लावून पाहावेत.

एक विनंती आहे. बियाण्याआधी माती तपासून घ्या. क्षारपड आणि चोपण हे दोन वेगळे आजार आहेत. क्षारपडीत विरघळलेले मीठ जास्त असते. चोपणात मातीच्या कणांना सोडियम चिकटलेले असते, सामू (पीएच) साडेआठच्या वर जातो आणि जमीन पाण्याने चिखल व उन्हाने दगड होते. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता सुमारे ६ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत गहू तग धरतो, त्यापुढे उत्पन्न घटत जाते. चोपण जमिनीत मात्र जिप्सम आणि निचरा यांच्याशिवाय कोणतेही जनुक पुरे पडत नाही.

कृष्णाकाठ

ताई, जमीन ओली झाली की चिकटते, पण दगड होत नाही. पांढरा थर असतो, काळा नाही. तरीही माती तपासायला देतो.

उखळ_मुसळ (निपाणी)

या चर्चेत खपलीचे नाव फक्त ‘तिच्यात अमुक नाही’ म्हणून आले, याचे वाईट वाटले, म्हणून लिहिते आहे. आमचा महिलांचा गट खपली कांडून विकतो. कानडी शेजारणी तिला जवे गोधी म्हणतात. आमच्याकडे जत्रेच्या खिरीला आणि त्यांच्याकडे हुग्गीला तिच्याशिवाय दुसरा गहू चालत नाही. मळणी केली तरी खपलीचे टरफल सुटत नाही. दाण्याला पाण्याचा हात लावून थोडा वेळ दडपून ठेवायचे आणि मग कांडायचे. पाणी जास्त झाले तर दाणा फुटतो, कमी झाले तर टरफल हटत नाही. माझ्या सासूबाई मूठभर दाणे कानाजवळ चोळून आवाजावरून ओल ओळखायच्या.

माझ्या सासरी खपली नेहमी सर्वांत हलक्या तुकड्यावर लावत आणि तिने कधी दगा दिला नाही. जुन्या देशी गव्हात सगळी सहनशक्ती आहेच. ती सोडून आपण नव्या पिशव्यांच्या मागे का लागलो आहोत?

शाळू_शिवार

ताई, खपलीचा मान मोठाच आहे. पण ‘सगळी’ या शब्दाशी मी सहमत नाही. आमच्याकडच्या जुन्या उंच खपलीला खत-पाणी वाढवले की ती वाऱ्याने लोळायची, हे मी लहानपणी पाहिले आहे.

प्रयोगवही

उखळ_मुसळ ताई, मी खपलीला कमी लेखले असे वाटले असेल तर क्षमस्व. उलट खपलीविषयी एक गोष्ट सांगते, जी आपल्या भागातल्या प्रत्येकाला माहीत असावी असे मला मनापासून वाटते. तांबेरा रोगाच्या बुरशीचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत स्टॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी बारा गव्हांचा एक संच ठरवला. नवी बुरशी आली की ती या बारांवर टाकून कोणता गहू बळी पडतो आणि कोणता टिकतो, ते पाहायचे. त्या बारांत एकाचे नाव ‘खपली’ होते, आणि जगभरच्या वनस्पतिरोगशास्त्राच्या पुस्तकांत आपला हा शब्द तसाच छापला गेला. खपलीतून आलेले ‘एसआर१३’ हे तांबेरारोधक जनुक २०१७ मध्ये नेमके हाती लागले. आफ्रिकेतून पसरलेल्या ‘युजी९९’ या घातक तांबेऱ्यावरही ते काम करते. सासूबाई जे टरफल कांडून काढत, ते साठवणीत दाण्याचे किडीपासून रक्षण करते. हलके रान आणि ऊन यांतही खपली चांगली उभी राहते, हा तुमच्या सासरचा अनुभव अनेकांचा आहे.

पण प्रत्येक ताण वेगळा असतो. मिठाचे उदाहरण वर दिलेच. लोळण्याचा दोष काढण्यासाठी धारवाडच्या कृषी विद्यापीठाने ‘डीडीके १०२५’, ‘डीडीके १०२९’ असे ठेंगणे खपली वाण दिले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ‘एमएसीएस २९७१’ दिला. म्हणजे आज तुम्ही जी खपली कांडता, तिच्यातही बहुधा पैदासकारांच्या निवडीचा हात आहे.

उखळ_मुसळ

आम्ही डीडीकेच घेतो. ती संकरित निवडीची आहे हे माहीत होते, पण पुस्तकात खपलीचे नाव गेले आहे हे आजच कळले. आमच्या पाकिटांवर हे छापणार आहे.

जांभा_दगड (खानापूर)

आमच्या बाजूचाही ताण नोंदवतो. खानापुरात पश्चिमेकडे तांबडी, जांभ्याची, आम्लधर्मी माती आहे आणि पावसात ती धुऊन निघते. मुख्य पीक भात. आमच्या मामांनी भातानंतर एका तुकड्यात घरच्यापुरता बन्सी पेरला. उगवण छान झाली, पण महिनाभरात वाढ थांबली. मी रोप उपटून धुतले, तेव्हा मुळे आखूड, जाड आणि टोकांना तपकिरी झालेली होती. बारीक तंतुमुळे जवळजवळ नव्हती. पाणी होते, ऊन बेताचे होते. मग हे कशाने झाले असावे?

प्रयोगवही

वर्णनावरून ॲल्युमिनियमची बाधा असावी. मातीचा सामू साधारण पाचच्या खाली गेला की मातीतले ॲल्युमिनियम विरघळते आणि मुळाच्या टोकावर घाव घालते. टोक वाढायचे थांबते, मग रोपाला ओल असूनही ती घेता येत नाही. यावर काही सरबती गव्हांत फार सुंदर व्यवस्था आहे. ‘टीएएलएमटी१’ हे जनुक मुळाच्या टोकाच्या पेशींत एक दार तयार करते. ॲल्युमिनियम जवळ आले की ते दार उघडते आणि मूळ मॅलिक आम्ल बाहेर सोडते. सफरचंदाची आंबट चव याच आम्लाची. ते ॲल्युमिनियमला बांधून निरुपद्रवी करते. हे जनुक २००४ साली शोधले गेले. ॲल्युमिनियम सोसण्याचे कोणत्याही वनस्पतीत नेमके सापडलेले ते पहिलेच जनुक होते. आणि तेही डी संचावरच आहे, म्हणून बन्सी तिथे हरला. मामांना सामू तपासून शिफारशीप्रमाणे चुना घालायला सांगा आणि पुन्हा गहू करायचाच असेल तर सरबती करायला सांगा.

जांभा_दगड

म्हणजे अथणीत चांगला ठरणारा बन्सी चाळीस-पन्नास कोसांवर खानापुरात मुळांपासूनच अडला. मामांना आजच फोन करतो.

गिरणीवरून (चिकोडी)

वर्तमानपत्रांत सूर्यफुलाचे जनुक घातलेल्या गव्हाविषयी वाचले होते. तो दुष्काळात टिकतो म्हणतात. तो आपल्याकडे आला आहे का? दुकानदाराच्या पिशवीत तोच तर नसेल ना?

प्रयोगवही

तो ‘एचबी४’ गहू. अर्जेंटिनात राकेल चान यांच्या गटाने सूर्यफुलातले एक नियंत्रक जनुक गव्हात आणले. पाण्याचा ताण पडला की साधे रोप घाईने पाने वाळवून मोकळे होते. या जनुकामुळे ती घाई कमी होते आणि पान अधिक काळ काम करत राहते. अर्जेंटिनाने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली, अमेरिकेच्या कृषी खात्याने २०२४ मध्ये लागवडीची वाट मोकळी केली. भारतात जनुकांतरित गव्हाच्या लागवडीला परवानगी नाही. त्यामुळे तो त्या पिशवीत असण्याचा प्रश्न येत नाही, आणि तसा दावा कोणी केलाच तर ती गंभीर बाब आहे.

उखळ_मुसळ

परवानगी नाही हे चांगलेच आहे. दुसऱ्या झाडाचे जनुक असलेले पीठ मी माझ्या नातवंडांना देणार नाही.

गिरणीवरून

ताई, मला भीती वेगळी आहे. बियाणे एकाच कंपनीच्या हातात गेले तर दरवर्षी विकत घ्यावे लागेल. गहू स्वपरागित आहे, घरचे बियाणे दोन-तीन वर्षे सहज चालते. ही मोकळीक जायला नको. नवे जनुक सार्वजनिक संस्थेच्या वाणातून आले तर माझा विरोध नाही.

प्रयोगवही

दोन्ही काळज्या रास्त आहेत आणि त्यांवर लोकांनी बोलत राहिलेच पाहिजे. एक फरक मात्र लक्षात ठेवावा. बाहेरचे जनुक न घालता पिकाच्याच जनुकात बारीक बदल करण्याला जनुकसंपादन म्हणतात, आणि २०२२ पासून भारतात अशा काही प्रकारांना जनुकांतरित पिकांचे कडक नियम लागू नाहीत. त्याच वाटेने मे २०२५ मध्ये भाताचे दोन वाण जाहीर झाले. त्यांतल्या ‘पुसा डीएसटी राईस १’ मध्ये दुष्काळ आणि क्षार सोसण्याशी संबंधित जनुकात बदल केलेला आहे. शेतकऱ्याने घरचे बियाणे राखणे, पेरणे आणि आपसांत देवघेव करणे हा हक्क २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात नोंदलेला आहे, फक्त दुसऱ्याचे संरक्षित वाण त्याच्या नावाच्या पिशवीत भरून विकता येत नाहीत.

काळवट_रान

सगळ्यांचे आभार. वाचता वाचता मला एक गोष्ट आठवली. तिचा संबंध आहे की नाही ते ताईंनी सांगावे. आमच्याकडे पेरणीच्या वेळी वरची दोन-तीन बोटे माती सुकलेली असते, ओल खाली असते. म्हणून वडील कुरीचे फण खोल घालायचे. बिजगा यलो तेवढ्या खोलीवरून बिनबोभाट वर यायचा. नव्या ठेंगण्या गव्हाचे मात्र निम्मे दाणे वर येतच नाहीत. उकरून पाहिले तर दाणा फुटलेला असतो, पण कोंब मातीखालीच पानासारखा उलगडून पिवळा पडलेला दिसतो. वर पेरावे तर ओल नाही, खाली पेरावे तर उगवण नाही. मागच्या वर्षी पहिली पेरणी अशीच वाया गेली आणि पुढचा पाऊस येईपर्यंत थांबावे लागले, म्हणून तारीख नोव्हेंबरच्या मध्यावर गेली.

प्रयोगवही

दादा, हे आधी सांगितले असते तर मी पहिला प्रतिसाद वेगळाच लिहिला असता. तुमच्या गव्हाचे जिरे होण्याची सुरुवात बहुधा या कोंबातच झाली.

जमिनीतून वर येताना गव्हाच्या कोंबावर एक टोपीसारखे आवरण असते. ते मातीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचले तरच आतले पहिले पान सुखरूप बाहेर येते. आवरण आखूड पडले तर पान मातीतच उलगडते, तुम्ही पाहिले तसे. हरितक्रांतीचे ठेंगणे गहू जपानच्या ‘नोरिन १०’ या वाणातल्या ‘आरएचटी’ जनुकांमुळे ठेंगणे झाले. बन्सीत त्यांतले बी संचावरचे जनुक वापरले गेले. या जनुकांमुळे रोप वाढीच्या जिबरेलिन या संप्रेरकाला दाद देत नाही, म्हणून ताट आखूड राहते आणि लोळत नाही. पण त्याच कारणाने कोंबाचे आवरणही आखूड राहते. बागायतीत पेरून लगेच पाणी देता येते, त्यामुळे हा दोष दिसत नाही. तुमच्यासारख्या जिरायत काळ्या रानात तोच मुख्य अडथळा होतो.

आनंदाची गोष्ट अशी की ताट आखूड ठेवूनही कोंबाचे आवरण लांब राहू देणारी दुसरी जनुके आहेत, ‘आरएचटी१४’ आणि ‘आरएचटी१८’. इटलीत बन्सी गव्हावर न्यूट्रॉनांचा मारा करून घडवलेल्या उत्परिवर्तनांतून ती मिळाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ती सहाव्या गुणसूत्रावर नेमकी कोठे आहेत हे शोधून, त्यांच्या आधारे गहू निवडण्याचे काम केले आहे. माझ्या मते तुमच्या रानासाठी उष्णतेच्या जनुकापेक्षा याची वाट पाहणे अधिक शहाणपणाचे आहे.

शाळू_शिवार

मी तारीख म्हणत होतो आणि ती तारीख कोंबामुळे चुकली होती. दादा, तोपर्यंत काय कराल? आमच्याकडे काही जण बियाणे रात्रभर भिजवून, सावलीत सुकवून पेरतात, त्याने उगवण दोन दिवस आधी होते. खोली मात्र बेताची ठेवावी लागते.

प्रयोगवही

भिजवून पेरणे चांगले. आता मूळ प्रश्नाचे उत्तर देते. बियाणे घेताना वाणाचे अधिसूचित नाव आणि क्रमांक विचारा. तो वाण कोणत्या विभागासाठी, जिरायत की बागायत, वेळेवर की उशिरा पेरणीसाठी शिफारस झाला आहे ते विचारा. प्रमाणित बियाण्याला निळी खूणचिठ्ठी असते. हिरवट चिठ्ठी असेल तर गुणवत्तेची हमी विकणाऱ्याने स्वतः दिलेली असते, तिची तपासणी प्रमाणन यंत्रणेने केलेली नसते. पक्की पावती घ्या. ‘जनुक आहे’ म्हणणाऱ्याला जनुकाचे नाव विचारा. जिरायतीसाठी धारवाडचा ‘यूएएस ४४६’ आणि आघारकरचा ‘एमएसीएस ४०२८’ हे बन्सी वाण पाहण्यासारखे आहेत. ‘४०२८’ सुमारे १०२ दिवसांत तयार होतो आणि त्यात लोह, जस्त व प्रथिनेही चांगली आहेत.

काळवट_रान

काल त्या दुकानात पुन्हा गेलो. क्रमांक विचारला, चिठ्ठी विचारली, जनुकाचे नाव विचारले. त्याने पिशवी परत मांडणीवर ठेवली आणि मला उत्तर दिले नाही. तिथून रयत संपर्क केंद्रात गेलो. यूएएस ४४६ दीड एकरापुरता मिळतो आहे, निळ्या चिठ्ठीचा. उरलेल्या अर्ध्या एकरात खपली पेरणार आहे, उखळ_मुसळ ताईंकडून बियाणे मागवले आहे. आज सकाळी रानात हात घालून पाहिले. वरची तीन बोटे माती भुसभुशीत आणि कोरडी आहे, चौथ्या बोटाला ओल लागते. पाच-सहा ओळी दोन वेगवेगळ्या खोल्यांवर पेरून खुंट्या मारून ठेवतो आणि दहाव्या दिवशी उकरून कोंबांची लांबी मोजतो.

कृष्णाकाठ

मातीचा अहवाल आला. विद्युतवाहकता ५.८, सामू ८.१. ताई, म्हणजे ही क्षारपडच ना? चर काढायला घेतला आहे.

प्रयोगवही

होय, हे आकडे मातीच्या संपृक्त अर्काचे असतील तर क्षारपड, आणि गव्हाच्या सोसण्याच्या अगदी काठावर. आधी चर पूर्ण करा, मग खालच्या टोकाला सरबतीच्या चार ओळी आणि बन्सीच्या चार ओळी शेजारी शेजारी लावा. काळवट_रान दादा, कोंबांची मापे मिलिमीटरमध्ये घ्या आणि दोन्ही खोल्यांची वेगळी लिहा.